किनाऱ्यावर तेल आलं तर: पहिल्यांदाच मदतीला जाणाऱ्यांसाठी

७ ऑगस्ट २०१० च्या शनिवारी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘एमव्ही खलिजिया-३’ या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रा कलंडली, तिच्यावरचे कंटेनर समुद्रात पडले आणि सुमारे ८०० टन तेल पाण्यात गेलं. पुढच्या काही दिवसांत ते घारापुरीला लागलं, उरणला लागलं, अलिबाग तालुक्यातल्या पुळणींवर आलं. मी तेव्हा कॉलेजात, राष्ट्रीय सेवा योजनेत होते. निरोप आला तसे आम्ही पोरंपोरी निघालो. पायात स्लिपर, हातात घरचे खराटे आणि वाण्याकडून आणलेल्या कचऱ्याच्या काळ्या पिशव्या.

दिवसभर राबलो. पिशव्या गच्च भरल्या आणि केवड्याच्या झुडपांजवळ रचून ठेवल्या. अमावस्येचं उधाण होतं, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात नव्हतं. रात्रीच्या भरतीनं ती रास उचलली. सकाळी येऊन बघतो तर निम्म्याहून जास्त पिशव्या फुटलेल्या, तेच तेल पुन्हा वाळूवर पसरलेलं आणि त्यात आता प्लॅस्टिकच्या चिंध्या मिसळलेल्या. एक कोळीण आजी बांधावरून बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “पोरांनो, आज तिथ कुठली, ते बघितलंत का?”

तेव्हापासून मी हे काम करत आले आहे. मोठी दुर्घटना रोज होत नाही, पण मे ते सप्टेंबर या काळात कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर डांबराचे गोळे जवळजवळ दरवर्षी येतात. त्यामुळे सराव सुटत नाही. आमच्या हातून ज्या चुका झाल्या त्या तुमच्या हातून होऊ नयेत म्हणून हा लेख लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते: तेलाच्या किनाऱ्यावर हात जितके लागतात, तितकाच संयमही लागतो. कधी थांबायचं आणि कुठं पाय टाकायचा नाही, हे ज्याला कळतं तो माणूस दहा जणांचं काम करतो.

१. आधी फोन, मग पाऊल

तेल दिसलं की पहिल्यांदा कळवा. समुद्रावर तवंग दिसला तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. किनाऱ्याला लागलं असेल तर जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७. दोन्हीकडे सांगितलंत तरी बिघडत नाही.

कोणाचं काम कुठलं, हेही माहीत असू द्या, म्हणजे तुमचा निरोप योग्य ठिकाणी जाईल. देशात तेल गळतीसाठी राष्ट्रीय आपत्ती योजना १९९६ पासून लागू आहे आणि तिची मुख्य जबाबदारी भारतीय तटरक्षक दलाकडे आहे. समुद्रातलं तेल अडवणं, गोळा करणं हे त्यांचं. बंदराच्या हद्दीत ते काम बंदराचं. पण तेल जमिनीला टेकलं की जबाबदारी राज्याची होते: जिल्हा प्रशासन आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ. तुम्ही स्वयंसेवक म्हणून यांच्याच हाताखाली काम करणार आहात.

फोन करताना या गोष्टी हाताशी ठेवा: नेमकी जागा (देऊळ, जेटी, नाल्याचं तोंड, अशी खूण), वेळ, भरती होती की ओहोटी, तेलाचा रंग, साधारण किती पावलं लांबीचा पट्टा, आणि वास कसा आहे. फोटो काढताना शेजारी पेन किंवा चप्पल ठेवा, म्हणजे आकार कळतो. फोटोत मागची एखादी कायमची खूण येऊ द्या. नुसत्या काळ्या वाळूच्या फोटोवरून जागा कुणालाच ओळखता येत नाही.

वास उग्र असेल, डोळे चुरचुरत असतील, डोकं जड होत असेल तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला जा आणि तिथून लोकांना मागे सारा. ताज्या तेलातून उडणारे वायू पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त असतात. त्यांच्यासाठी साधा मास्क, अगदी एन-९५ सुद्धा, उपयोगाचा नाही. तो धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. पहिल्या दिवशी आपण किनाऱ्यावर उतरलो नाही म्हणून काही अडत नाही.

२. तेल यायच्या आधीचं काम

हे काम मला सर्वांत मोलाचं वाटतं आणि नेमकं हेच कुणी करत नाही. टक्कर झाल्यापासून तेल किनाऱ्याला लागेपर्यंत बहुतेक वेळा एक-दोन दिवस मिळतात. त्या वेळात पुळणीवरचा नेहमीचा कचरा उचलून भरतीरेषेच्या वर न्या: बाटल्या, थर्माकोल, तुटकी जाळी, ओंडके, निर्माल्य.

कारण साधं आहे. कोरडी बाटली हा ग्रामपंचायतीच्या घंटागाडीत जाणारा कचरा. त्याच बाटलीला तेल लागलं की ती घातक कचरा होते. ती वेगळी उचलायची, वेगळी साठवायची, वेगळ्या गाडीनं वेगळ्या ठिकाणी पाठवायची. १९९९ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ ‘एरिका’ हे तेलवाहू जहाज फुटलं. सांडलेलं तेल होतं सुमारे २० हजार टन आणि गोळा झालेला तेलकट कचरा २ लाख टनांच्या वर गेला. वाळू, शेवाळ, प्लॅस्टिक, हातमोजे, सगळं त्यात आलं. किनारा आधी झाडला तर हा आकडा तिथंच कमी होतो. शिवाय या कामाला ना विशेष पोशाख लागतो ना प्रशिक्षण, म्हणून शाळेतली मोठी मुलंसुद्धा यात येऊ शकतात. तेल लागल्यावर मात्र १८ वर्षांखालच्या कुणालाही खाली उतरवू नका.

३. नाव नोंदवा

“चला रे, निघू” असं करून गाडी भरून येऊ नका. तहसील कार्यालय किंवा जागेवरचं नियंत्रण केंद्र जिथं नोंदणी घेत असेल तिथं गटाची यादी द्या. नोंद नसेल तर तुम्हाला काही झाल्यास कुणी जबाबदार नसतं, आणि पुढे नुकसानभरपाईचा हिशेब होतो तेव्हा तुमचे श्रमही कागदावर कुठंच नसतात.

सोबत ठेवायची कागदपत्रं:

– आधार किंवा दुसरं ओळखपत्र, आणि त्याची झेरॉक्स
– घरच्या माणसाचा फोन नंबर, रक्तगट
– आजारांची माहिती. दमा, त्वचेची ॲलर्जी, हृदयविकार असेल किंवा गर्भवती असाल, तर तेलाजवळचं काम घेऊ नका. नोंदी ठेवणं, पाणी-जेवण, साहित्याचा हिशेब यांनाही माणसं लागतातच
– धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं त्याची तारीख (खडकांवर, कालवांच्या धारेवर हमखास कापतं)
– कॉलेज किंवा संस्थेतर्फे येत असाल तर त्यांचं पत्र आणि गटप्रमुखाचं नाव

रोज येताना सही आणि जाताना सही. संध्याकाळी यादीतल्या डोक्यांची मोजणी झाल्याशिवाय गटप्रमुखानं किनारा सोडायचा नाही.

४. अंगावर काय, हातात काय

नायट्राइलचे हातमोजे घ्या. साध्या रबराचे तेलानं फुगतात आणि फाटतात. आत पातळ, बाहेर जाड अशी दोन जोडी घातली तर उत्तम. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, पूर्ण बाह्यांचे कपडे, त्यावर टाकून देता येईल असा अंगरखा, डोळ्यांना चष्मा, डोक्याला टोपी. बूट आणि पायजमा यांच्यामधली फट चिकटपट्टीनं बंद करा. या पोशाखात उकाड्यानं जीव नकोसा होतो. म्हणून अर्धा-पाऊण तास काम, मग सावलीत विसावा आणि पाणी, असे पाळीपाळीनं गट करा. लिंबू-मीठ-साखर घातलेलं पाणी भरपूर ठेवा.

अवजारं अगदी साधी लागतात: चपटी फावडी, दाताळी, घमेली, पत्र्याच्या सुपड्या, वाळू चाळायची चाळण, जाड बादल्या, ताडपत्री, जाड प्लॅस्टिकची पोती. खडकाच्या सपाटीवर साचलेलं घट्ट तेल खरवडायला स्वयंपाकघरातल्या उलथन्यासारखं दुसरं काही नाही. मात्र ते परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही.

जेसीबी बोलवायचा मोह आवरा. एका खोऱ्यात तो दोन बोटं तेल आणि हातभर स्वच्छ वाळू उचलतो, आणि त्याची चाकं उरलेलं तेल खाली दाबतात.

५. भरतीचं गणित

शहरातून येणाऱ्यांना हे शिकवावंच लागतं. आमच्याकडे जुनी माणसं तिथीवरून भरती काढतात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. एकादशीला अकराची पाऊणपट म्हणजे सव्वाआठ. सव्वाआठच्या सुमारास पाणी भरलेलं असणार आणि साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं, तेही बघा, पण ही पाऊणपट तोंडी असली की रेंज नसतानाही अडत नाही.

काम सुरू करायचं ते पाणी उतरायला लागल्यावर. उतरत्या पाण्यामागं खाली सरकत जायचं आणि पाणी परतायच्या तासभर आधी अवजारं, पोती, माणसं सगळी वर. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी नेहमीच्या रेषेपेक्षा कितीतरी वर चढतं. त्या दिवसांत पोत्यांची जागा कोरड्या शेवाळाच्या सर्वांत वरच्या रेषेपलीकडे ठेवा. आमच्या पिशव्या वाहून गेल्या त्या एवढ्याच चुकीमुळे. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी कमी हलतं, म्हणून बारीकसारीक सफाई तेव्हा करावी.

६. वाळूवरचं काम

पुळणीवर आधी तीन हद्दी आखा, दोरी बांधून. तेलाची हद्द, धुण्या-उतरवण्याची हद्द आणि स्वच्छ हद्द. तेलाच्या हद्दीतला बूट स्वच्छ हद्दीत येता कामा नये. ही दोरी नसली की दोन तासांत जेवणाच्या डब्यांपर्यंत काळे ठसे पोचतात.

जहाजाचं जड इंधन तेल पाण्यात घुसळून निघालं की त्याचा तपकिरी, लोण्यासारखा दाट गोळा होतो. तो वाळूवर पसरतो तेव्हा वरून साय धरल्यासारखा दिसतो. फावडं आडवं, जमिनीला जवळजवळ टेकलेलं धरा आणि साय काढतो तशी ती काढा. फावडं खुपसायचं नाही. चांगला हात असेल तर खाली फिकट, ओलसर, स्वच्छ वाळू दिसते. चार-पाच वेळा केल्यावर हाताला अंदाज येतो. काढलेलं लगेच पोत्यात न भरता किनाऱ्याला समांतर छोट्या ओळींत ओढून ठेवा. मागून दुसरी जोडी येऊन ते घमेल्यात घेईल. एक खरवडणारा, एक ओढणारा, दोन भरणारे, एक वाहणारा अशी पाच जणांची साखळी चांगली चालते.

पोतं अर्धंच भरा. दहा-पंधरा किलोच्या वर वजन नको. तेलकट ओली वाळू दिसते त्यापेक्षा फार जड असते. पाठी धरतात, पोती फाटतात.

क्रमही पाळा: आधी जाड थर, मग मधले डाग, सगळ्यात शेवटी बारीक. अजून समुद्रातून तेल येतच असेल तर बारीक सफाई करत बसू नका. उद्याची भरती ते पुसून टाकणार आहे.

पावसाळ्यात आणखी एक फसवणूक होते. लाट तेलावर स्वच्छ वाळू आणून टाकते. सकाळी किनारा सोन्यासारखा दिसतो आणि लोक म्हणतात, गेलं सगळं. दर वीस-पंचवीस पावलांवर वीतभर खोल खड्डा करून कडा बघा. पुरणपोळीत पुरण दिसावं तसा काळा थर मध्येच दिसतो. जागेवर काठी रोवा, वहीत लिहा, आणि नियंत्रण केंद्राला दाखवून मगच उकरा.

डांबराच्या गोळ्यांचं काम त्यामानानं सोपं. सकाळी लवकर, ऊन तापायच्या आत जा. थंड गोळा टणक असतो, चाळणीवर राहतो आणि वाळू खाली पडते. अकरा वाजले की तोच गोळा पाघळतो आणि बोटभर वाळू अंगाला घेतो.

आणि पाण्यावर साबणचुरा, डिटर्जंट काहीही टाकू नका. तेल दिसेनासं होतं, पण जात नाही. १९६७ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ ‘टोरी कॅन्यन’ फुटलं, तेव्हा ओतलेल्या रसायनांनी तेलापेक्षा जास्त जीव मारले. तेल विरघळवणारी औषधं वापरायची की नाही, हे तटरक्षक दल ठरवतं.

७. खडप

खडकांवर हात आवरता घ्या. अलास्कात १९८९ च्या ‘एक्सॉन वाल्डेझ’ गळतीनंतर खडक गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुतले होते. खडक स्वच्छ झाले, पण त्यावरचे जीव शिजून गेले. जे पट्टे मुद्दाम न धुता सोडले होते, तिथलं जीवन आधी सावरलं. डबक्यात साचलेलं दाट तेल काढा, शेवाळात अडकलेले गोळे वेचा, बाकीचं लाटांवर सोडा.

८. तिवरांत शिरू नका

हा नियम मोडलेला मी सर्वांत जास्त पाहिला आहे. खाडीतली तिवरं, म्हणजे कांदळवनातली झाडं, काळी पडलेली बघवत नाहीत, हे खरं. पण चिखलातून वर आलेली ती बोटासारखी मुळं म्हणजे झाडाचं नाक आहे. त्यावर तेल बसलं की झाड गुदमरतं, आणि आपण आत चाललो की तीच मुळं मोडतात. त्याहून वाईट म्हणजे वरचं तेल बुटानं वीतभर चिखलात दाबलं जातं. तिथं हवा पोचत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. शंभर उत्साही माणसं एका दिवसात तिवरांचं जे नुकसान करतात ते तेलाला एकट्यानं जमत नाही.

मग करायचं काय? खाडीच्या तोंडाशी तेल अडवायचं. तरंगते अडसर लावणं हे प्रशिक्षित माणसांचं काम, पण ते कमी पडले तर स्थानिक साहित्यानं मदत करता येते. मॉरिशसमध्ये २५ जुलै २०२० ला ‘वाकाशिओ’ जहाज प्रवाळ खडकावर चढलं आणि ६ ऑगस्टला त्यातून तेल गळायला लागलं. सुमारे हजार टन. कोकणातून गेलेल्या मराठी कुळांचे वंशजही ज्या बेटावर राहतात, तिथल्या लोकांनी उसाचं पाचट कापडी नळकांड्यांत भरलं, तरंगण्यासाठी रिकाम्या बाटल्या बांधल्या आणि मैल न् मैल अडसर हातांनी शिवले. आपल्याकडे भाताचा पेंढा आहे, काथ्या आहे. एकच लक्षात ठेवा: तेल प्यालेला अडसर वेळेवर काढून बदलला नाही तर तो बुडतो आणि स्वतःच घातक कचरा होतो. जितके टाकाल तितके मोजून परत काढा. आणि कांदळवनात एक फांदीही तोडायची असेल तर परवानगी लागते. वनविभागाचा कांदळवन कक्ष त्यासाठीच आहे.

९. पक्षी आणि कासवं

तेलानं माखलेला बगळा किंवा कुरव दिसला की त्याला धुवावंसं वाटतं. धुवू नका. पिसं भिजली की अंगाची ऊब जाते आणि घाबरलेला पक्षी धुतानाच मरतो. दोघांनी मिळून मोठा टॉवेल टाकून अलगद धरा, चोच तुमच्या डोळ्यांपासून लांब ठेवा, पण नाकपुड्या दाबू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधाऱ्या उबदार जागी ठेवा. खायला घालू नका, पाणी पाजू नका. पकडलेली जागा आणि वेळ खोक्यावर लिहा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

कासव मिळालं तर ओल्या फडक्यानं पाठ झाका, नाकाडोळ्यांवर फडकं नको, आणि सावलीत ठेवा. तोंडात तेल दिसलं तरी बोट घालू नका. पुन्हा समुद्रात सोडू नका. बरं दिसत असलं तरी पोटात तेल असू शकतं. मेलेले प्राणीही परस्पर पुरू नका, तेही नोंदीत यायला हवेत.

१०. कंटेनर आणि वाहून आलेला माल

२०१० मध्ये चित्राच्या काही कंटेनरमध्ये कीटकनाशकं होती. २५ मे २०२५ ला केरळच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या ‘एमएससी एल्सा-३’ वर कॅल्शियम कार्बाइडचे कंटेनर होते. त्याला पाणी लागलं की पेट घेणारा वायू तयार होतो. त्याच जहाजातले प्लॅस्टिकचे बारीक दाणे किनाऱ्यावर लांबवर पसरले. वाहून आलेली पेटी, पिंप, पाकीट, कितीही साधं दिसलं तरी हात लावू नका, उघडू नका, घरी नेऊ नका. लांब राहून पोलिसांना, ११२ ला कळवा.

११. कचऱ्याचा हिशेब

चार ढीग वेगळे: पातळ तेल, तेलकट वाळू, तेलकट प्लॅस्टिक-जाळी-शेवाळ, आणि आपले वापरलेले हातमोजे-अंगरखे. एकत्र झाले की पुढे काहीच करता येत नाही. खाली दुहेरी ताडपत्री, कडेनं वाळूचा बांध, वरून झाकण, म्हणजे पावसाचं पाणी तेल घेऊन विहिरीकडे जाणार नाही. प्रत्येक पोत्यावर तारीख, जागा आणि ढिगाचा प्रकार लिहा.

इथून पुढची वाहतूक प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीनंच, घातक कचऱ्याच्या केंद्रात. आपल्या भागाला जवळचं म्हणजे तळोजा. “आमच्या शेतात खड्डा आहे, टाका तिथं” असं प्रेमानं सांगणारे भेटतात. एका ठिकाणी आमच्या गटानं ते ऐकलं आणि पुढच्या उन्हाळ्यात ते सगळं पाघळून वर आलं. जाळूही नका. गाडी येईपर्यंत ढिगाला राखण लागते, तेव्हा रात्रीच्या पाळ्या आधीच लावा.

१२. घरी जाताना

कातडीला लागलेलं तेल रॉकेल, पेट्रोल किंवा थिनरनं पुसू नका. ते तेलच आत मुरवतं. खोबरेल किंवा गोडेतेल चोळा, फडक्यानं पुसा, मग साबण किंवा डाळीचं पीठ. कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. दोन-तीन दिवसांत पुरळ, खोकला, चक्कर, डोकेदुखी वाटली तर डॉक्टरांना “तेलाच्या कामावर होतो” असं स्पष्ट सांगा आणि केसपेपर जपून ठेवा.

१३. कोळीवाड्यातली कागदपत्रं

इथं बाहेरून आलेल्या शिकलेल्या माणसाचा खरा उपयोग आहे. फावडं कुणीही मारेल. २०१० मध्ये नारळी पौर्णिमा अवघ्या दोन आठवड्यांवर होती, होड्या समुद्रात लोटायची तयारी चालली होती, आणि नेमकं तेव्हाच मासळीला गिऱ्हाईक नाहीसं झालं. नुकसान सगळ्यांचं झालं, पण पुराव्यात आलं ते थोड्यांचंच.

भरपाई मिळते ती पुराव्यावर. तेलवाहू जहाजातून तेल सांडलं तर आंतरराष्ट्रीय भरपाई निधीकडे दावा करता येतो. नुकसान झाल्यापासून ३ वर्षांत आणि घटनेपासून ६ वर्षांच्या आत. चित्रासारख्या मालवाहू जहाजाचं इंधन सांडलं तर वेगळा करार लागू होतो, त्यात भारत २०१५ मध्ये सामील झाला. निकालाला वेळ लागतो: ऑगस्ट २०११ मध्ये मुंबईजवळ बुडालेल्या ‘रॅक कॅरियर’ प्रकरणी राष्ट्रीय हरित लवादानं १०० कोटी रुपयांच्या भरपाईचा आदेश दिला तो ऑगस्ट २०१६ मध्ये. पाच वर्षांनी कुणाला काय आठवणार? म्हणून पहिल्या दिवसापासून लिहा.

प्रत्येक घरासाठी एक फाइल करा:

– बोटीचं नोंदणी प्रमाणपत्र, मासेमारी परवाना, मच्छीमार सहकारी संस्थेचं सभासदत्व
– आधीच्या दोन-तीन वर्षांच्या डिझेल, बर्फ आणि लिलावाच्या पावत्या. “यंदा नुकसान झालं” म्हणून भागत नाही, एरवी किती मिळायचं ते दाखवावं लागतं
– तेल लागलेल्या जाळ्यांचे, होडीचे तारखेसह फोटो. जाळं पंचनाम्याआधी टाकून देऊ नका, एक तुकडा तरी ठेवा
– तलाठी आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडून पंचनामा. प्रत हातात घेतल्याशिवाय सही नको
– रोजची वही: आज समुद्रात गेलो की नाही, का नाही, काय मिळालं, काय भावानं गेलं
– बँकेचं पासबुक

तेलाचा नमुना घ्यायचा तर काचेच्या स्वच्छ बाटलीत, प्लॅस्टिकच्या नाही. झाकणाखाली ॲल्युमिनियमची चांदी लावा, वर जागा-वेळ लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. कोर्टात अधिकाऱ्यानं घेतलेला नमुनाच चालतो, तेव्हा त्यांना बोलावून घ्या. तुमचा नमुना ते येईपर्यंतचा आधार. कोणत्या जहाजाचं तेल आहे, हे प्रयोगशाळेत ताडून बघता येतं.

सर्वांत जास्त ज्या राहून जातात त्या बायका. टोपली घेऊन दारोदार मासळी विकणाऱ्या, ओहोटीला खडपावर कालवं फोडणाऱ्या, खाडीत शिवल्या (शिंपले) आणि निवट्या (चिखलातले मासे) धरणाऱ्या. त्यांच्याकडे ना परवाना ना पावती. होडी नाही म्हणून पंचनाम्यात नाव नाही. त्यांच्याकडे बसा. रोज किती वाटे विकले जायचे, कुठल्या आळीत, हप्ता कुणाचा, बचतगटात किती भरायच्या, हे विचारून लिहा. बचतगटाचं पासबुक, बाजाराची दैनंदिन वसुलीची पावती, नेहमीच्या खानावळवाल्याचं पत्र, हे सगळं चालवून बघा. त्यात घाई करू नका. पहिल्या दिवशी त्या “आमचं काय लिहिता” म्हणतात, तिसऱ्या दिवशी पाटावर बसवून चहा देतात आणि मग आकडे सांगतात.

आणि मासळी खावी की नाही, यावर तुम्ही मत देऊ नका. मासे तेलातले घटक अंगातून बऱ्यापैकी लवकर काढून टाकतात, पण कालवं-शिवल्यांत ते जास्त दिवस राहतात, हे खरं आहे. तरी निर्णय मत्स्यव्यवसाय विभागानं तपासून द्यायचा असतो. तुमच्या एका मोबाइल संदेशानं शेजारच्या स्वच्छ गावातला बाजारही बसतो.

१४. गाड्या निघून गेल्यावर

तीन आठवड्यांत कॅमेरे जातात, मग अधिकारी, मग बाहेरचे स्वयंसेवक. तेल राहतं. गावातल्या दोघातिघांनी पुढचं वर्षभर एवढं करा: किनाऱ्यावर पाच-सहा जागा ठरवून खूण करा. दर पौर्णिमेला, ओहोटीच्या वेळी, त्याच दगडावर उभं राहून त्याच दिशेनं फोटो काढा. वाळूवर हातभर बाय हातभर चौकोन आखा आणि त्यातली खेकड्यांची बिळं मोजा. वीतभर खड्डा करून थर बघा. तिवरांच्या कडेला उभं राहून, आत न जाता, नवी पालवी आहे का ते लिहा. खडपावर कालवं काढणाऱ्या बाईंना विचारा. त्या कोयत्यानं एक उघडतात, नाकाशी नेतात आणि सांगतात, अजून घासलेटाचा वास आहे की नाही. त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या नावानं, त्यांच्याच शब्दांत लिहा.

वहीच्या तीन प्रती काढा. एक ग्रामपंचायतीत, एक मच्छीमार संस्थेत, एक तुमच्याकडे. संस्थेतली प्रत कपाटात न ठेवता मोजणीच्या दिवशी सगळ्यांना वाचून दाखवा, चुकलं असेल तर तिथल्या तिथं दुरुस्त होतं.